अर्जदाराच्या मागे

चूक माझीच होती. इंग्रजी फॉर्मचं मराठी मी स्वतः केलं होतं आणि सातव्या रकान्यात लिहिलं होतं, 'अर्जदाराच्या मागे कोण कोण आहे?' मला विचारायचं होतं की माणूस परदेशी गेला तर इकडे गावात त्याचं कोण राहतं. तेहतीस वर्षं पोरांना शिकवणाऱ्या माणसाला एवढं कळायला हवं होतं की मराठीत हा प्रश्न माणूस गेल्यावरच विचारतात, आणि तिथे 'गेला'चा अर्थ कॅनडाला गेला असा होत नाही.

नववीच्या पोरांनी रकाना वाचला आणि रोज सकाळी गावाच्या ग्रुपवर जे वाचायला मिळतं तेच इमानदारीत लिहून काढलं. 'त्यांच्या मागे पत्नी, दोन मुले, सुना, नातवंडे असा परिवार आहे.' बिरदेवनं पुढे 'व बावीस मेंढरे' असं जोडलं होतं. मागच्या बाकावरच्या एका शहाण्यानं तर दशक्रियेची वेळही टाकली होती, सकाळी साडेसात, नदीकाठी, प्रवचनासह. मी आधी चिडलो. मग गठ्ठा टेबलावर ठेवला आणि फळ्याकडे तोंड करून हसलो, कारण पोरांसमोर हसायची मला सवय नाही.

हे सगळं कशासाठी चाललं होतं ते सांगतो. मी दादाभाऊ, बोरी बुद्रुकला शाळेत इतिहास आणि राज्यशास्त्र शिकवतो. नववीच्या पुस्तकात निर्वासितांविषयी थोडकी माहिती आहे आणि ती वाचून दाखवली की पोरं जांभया देतात. म्हणून गेली काही वर्षं फेब्रुवारीत आठवडाभर मी वर्गाची वकिलात करतो. टेबलापलीकडे तीन अधिकारी बसतात, अलीकडे एक अर्जदार, आणि बाकीचा वर्ग रांगेत. कोणाला आपल्या देशात येऊ द्यायचं आणि कोणाला नाही, हे कायदा कसं ठरवतो ते पोरांनी स्वतः ठरवून शिकायचं. मुख्याध्यापक याला नसता उद्योग म्हणतात. असेल. पण आमच्याकडच्या पोरांना वाटतं की व्हिसा 'लागतो', लॉटरी लागते तसा. त्यांचे मामे-चुलते तसंच बोलतात आणि टीव्हीवरही तेच ऐकू येतं. लागत बिगत काही नाही. कोणीतरी बसून कागद वाचतो, हो म्हणतो किंवा नाही म्हणतो, आणि त्याच्या हो-नाहीला एका कलमाचा आधार असतो. पोरांना एवढं कळलं तरी माझा आठवडा वसूल होत असे.

यंदा मात्र त्यात माझा स्वार्थ होता. माझी एकुलती एक मुलगी समृद्धी लग्नानंतर कॅनडात असते. तिला जूनमध्ये बाळ होणार आहे. मागच्या वर्षी मी तिला भेटायला जायचा अर्ज केला होता, तो नामंजूर झाला. आता पुन्हा करायचा होता, आणि तोही घाईनं, कारण एकतीस मेला मी निवृत्त होतो आणि मग 'नोकरी' या रकान्यातही रेघ ओढावी लागेल. हाही अर्ज परत आला तर नातवंडाचं तोंड मला फोनवरच बघावं लागणार होतं. दुसरी वाट मला दिसत नव्हती.

नकाराचं पत्र एका पानाचं होतं. तुमचे कौटुंबिक संबंध पाहता, मुदत संपल्यावर तुम्ही आमचा देश सोडाल अशी आमची खात्री पटत नाही, असा त्याचा मतलब होता. संबंध पाहता म्हणजे काय पाहता? माझी बायको लंका चार वर्षांपूर्वी वारली. भाऊ मला नव्हताच, एक बहीण होती तीही गेली. शेत चुलतभाऊ वाट्यानं करतो आणि सुगीच्या दिवशी पोतं घेऊन येतो, तेवढंच त्याचं तोंड दिसतं. घर आहे, चांगलं सिमेंटचं आहे. त्यात मी असतो.

आणि माझ्या मुलीची सासू गजराबाई, तिकडे आंबेगाव तालुक्यात मंचरजवळ राहते, तिला महिन्याच्या आत व्हिसा मिळाला. तिच्या घरी नवरा आहे, दोन थोरले मुलगे आहेत, सुना, चार नातवंडं, गोठ्यात सहा गाई. बाई कधी देवाला गेली तरी दुसऱ्या दिवशी फोन करून गाईंची चौकशी करते. तिच्याविषयी माझ्या मनात काही नाही. पण ज्याच्या घरात माणसं मावत नाहीत त्याला आणखी माणसांकडे जाऊ देतात, आणि ज्याला इथे कोणी नाही त्याला सांगतात की तू इथेच थांब. हे मला वर्षभर पचलं नाही. रोज संध्याकाळी भाकरी थापताना मी त्या न पाहिलेल्या साहेबाला शिव्या घालत असे, आणि भाकरी नीट फुगली तर त्यातली एखादी कमी करत असे.

सोमवारी वर्गात मी त्या कलमाचा सगळा सरंजाम मांडला. भेटीला येणाऱ्यानं परत जायचं असतं. तो परत जाणार नाही असं आधी धरून चालायचं, आणि जाणार हे त्यानं सिद्ध करायचं.

बिरदेव लगेच उठला. बिरदेवच्या घरचे अजून मेंढरं राखतात. त्या आठवड्यात त्यांची मेंढरं खोडदला रेडिओ दुर्बिणीच्या अँटेनांच्या पलीकडे एका रानात बसवली होती आणि तिथून तो सायकलीवर शाळेत यायचा. त्याचं म्हणणं असं की हे म्हणजे आधीच चोर धरून ठेवल्यासारखं झालं. त्याचा आजा दरसाल दिवाळीनंतर मेंढरं घेऊन बाहेर पडतो आणि पावसाच्या तोंडाला परत येतो, त्याला कोणी इचारत न्हाई. मी म्हटलं, अरे, नाणेघाटात जकातीचा दगडी रांजण अजून आहे, तिथे विचारपूस व्हायची ती मालाची, माणसाची नाही. पण आता देशांना सीमा आहेत आणि आत कोणाला घ्यायचं हे ठरवायचा प्रत्येक देशाला हक्क आहे, आपल्यालाही आहे. आपणही येणाऱ्याला कागद मागतो. बिरदेवला ते पटलं नाही आणि खरं सांगायचं तर सांगणाऱ्यालाही पुरतं पटलेलं नव्हतं.

त्याला उत्तर दिलं ते राजनंदिनीनं. तिचे वडील नारायणगावच्या बाजारात टोमॅटोची क्रेट मोजून घेतात आणि एकही क्रेट इकडची तिकडे होऊ देत नाहीत असं ऐकतो. मुलगी त्यांच्यावर गेली आहे. ती म्हणाली, बिरदेवच्या आजाला विचारायची गरजच नाही, कारण त्याचं घर, बायको, देव सगळं इथं आहे हे शेंबडं पोरही सांगेल. ज्याचं असं दिसत नाही त्याला विचारायलाच पाहिजे. मी तिला तिथल्या तिथे मुख्य अधिकारी नेमलं. तिच्या एका बाजूला बिरदेव बसवला, कारण तो प्रत्येक गोष्टीला नाही म्हणणार हे मला माहीत होतं. दुसऱ्या बाजूला समर्थ, म्हणजे दोघांच्या भांडणात पाणी ओतायला कोणीतरी हवं म्हणून.

सातवा रकाना मी सगळ्यांकडून पेनानं खोडून घेतला आणि वर लिहायला लावलं, 'अर्जदार परदेशी असताना गावी कोण राहील?' लिहिलं त्यांनी, पण बोलताना आठवडाभर 'मागे'च म्हणत राहिले.

चार दिवस काम झकास चाललं. शिकायला जातो म्हणणाऱ्या एका अर्जदाराला काय शिकणार ते सांगता येईना, त्याला राजनंदिनीनं तीन प्रश्नांत बाहेर काढला. नातीच्या लग्नाला जाणाऱ्या म्हातारीला लगेच परवानगी दिली. निर्वासिताच्या अर्जावर पूर्ण तास भांडले. बिरदेवचं म्हणणं, जो जीव मुठीत धरून आलाय त्याला परत कधी जाणार असं विचारायचंच नसतं. पुस्तकात हीच गोष्ट मोठ्या शब्दांत लिहिलेली असते. मी त्याला पाठीत थाप दिली आणि कलम समजावून सांगितलं, आणि भेटीचा अर्ज आणि आसऱ्याचा अर्ज यांत काय फरक आहे ते फळ्यावर लिहून दिलं. पोरं कायदा शिकत होती. माझं निम्मं लक्ष शुक्रवारकडे होतं.

शुक्रवारसाठी मी माझी स्वतःची फाईल तयार केली होती. नाव बदलून चांगदेव केलं, बोरीच्या जागी दुसरं गाव घातलं, शाळेच्या जागी कारखान्याची नोकरी. बाकी सगळं खरं. बायको नाही, मुलगी तिकडे, शेत दुसऱ्याकडे, नोकरी मेपर्यंत. मनाला मी सांगत होतो की पोरांसमोर एक अवघड अर्ज यायला हवा. खरं कारण ते नव्हतं. वर्षभर एकटाच तो कागद उलटसुलट करत बसलो होतो, आणि मला कोणीतरी बघून सांगायला हवं होतं की हो, यात काही वावगं नाही, हा माणूस जाऊ शकतो. दुसरं कोणी नव्हतं म्हणून नववीतली पोरं धरली.

चांगदेव व्हायचं होतं अमृतनं. तो त्या दिवशी आळेफाट्याला मावशीच्या लग्नाला गेला. दुसऱ्या कोणाला उभं करावं तर कागद वाचायलाच निम्मा तास जाणार, म्हणून मी स्वतः खुर्ची ओढून टेबलाच्या अलीकडे बसलो. वर्गात हसू पिकलं. सरांना उलटतपासणीला बसवायचं म्हणजे पोरांना सणच होता.

राजनंदिनी हसली नाही. तिनं नाव, वय, जाण्याचं कारण, किती दिवस, तिकीट कोण काढणार, हे सगळं ओळीनं विचारलं आणि मी ओळीनं सांगितलं. मुलीला बाळ होणार आहे म्हटल्यावर मुलींच्या बाकांवर जरा कुजबुज झाली आणि मला बरं वाटलं. मग ती सातव्या रकान्याशी आली. गावी कोण राहील, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, घर आहे, दोन एकर जमीन आहे. ती म्हणाली, जमीन दुसरं कोणी करतंय, तुम्ही नसलात तरी ती पिकेल, आणि घर काही राहत नाही, घरात राहतात. मी मान डोलावली. तिनं कागदावर काहीतरी लिहिलं.

मग बिरदेवनं खुर्ची पुढे घेतली. त्यानं त्याच्या परीनं मला सोडवायचं ठरवलं होतं, ते मला दिसत होतं. जनावरं किती, असं त्यानं विचारलं. एक गाय होती, बायको गेल्यावर विकली. कुत्रं? नाही. सणावाराला कोण येतं? मी म्हटलं, फोन येतो. त्याला वाईट वाटलं. तो वाकून माझ्याकडे बघत राहिला आणि मग अगदी सरळपणे, बांधावर बसून विचारावं तसं त्यानं विचारलं.

"सकाळी तुमी उठला न्हाई, तर पयलं कोनाला कळंल?"

त्याच्याकडे, उघड्यावर दहा माणसं एकत्र झोपतात तिथे, हा काही मोठा प्रश्न नसावा. कोणी उठलं नाही तर कुत्र्याला कळतं, मेंढरांना कळतं. चहा टाकणाऱ्या आजीला तर आधी कळतं. फाईलमध्ये याचं उत्तर मी लिहिलेलं नव्हतं. मी खिडकीबाहेर बघितलं. शिपाई हौशीराम अंगणात पाणी मारत होता.

"कामावर कळेल," मी म्हटलं. "हजेरीला नसलो की कळेल."

राजनंदिनीनं एक पान मागे उलटलं. तिच्या आवाजात काही वाईट नव्हतं, फक्त तिला हिशेब जुळवायचा होता.

"तुमची नोकरी मे महिन्यात संपते असं इथं लिहिलंय. मग जूनमध्ये कोणाला कळेल?"

पोरांना हा खेळच होता, गोष्टीत पुढे काय होतं ते ऐकायला बसतात तशी ती बसली होती. मी म्हटलं, वेळ लागेल. ती म्हणाली, किती? मी म्हटलं, ते सांगता येणार नाही. तिनं तेही लिहून घेतलं.

निकालाआधी तिघांना दहा मिनिटं द्यायची असा आमचा नियम. ते व्हरांड्यात गेले. मी खुर्चीतच बसून राहिलो, उठून टेबलाच्या पलीकडे जायला हवं होतं पण गेलो नाही. बाहेरून समर्थचा आवाज येत होता, सोडा की त्यांना, पोरगी बाळंत व्हायची हाय. मग राजनंदिनीचा, हळू, काय म्हणाली ते कळलं नाही. समर्थ पुन्हा बोलला नाही.

ते आत आले. राजनंदिनीनं उभं राहून वाचलं.

"अर्जदार श्री. चांगदेव खोटं बोलत नाहीत. त्यांची कागदपत्रं बरोबर आहेत. पण त्यांचं माणूस तिथं आहे आणि इथं कोणीच नाही. आम्ही त्यांच्या जागी असतो तर परत आलो नसतो. अर्ज नामंजूर."

नेहमीप्रमाणे सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. निकाल बरोबर की चूक ते मी सांगायचं, का ते सांगायचं आणि मार्क द्यायचे. कलमाप्रमाणे त्यात कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. पुरावा बघितला होता, अर्जदाराचा अपमान केला नव्हता, कारण एका वाक्यात दिलं होतं. इतकं स्वच्छ कारण मला आलेल्या पत्रातही नव्हतं. मी म्हटलं, बरोबर आहे, दहापैकी दहा. निकालाचा कागद घडी करून मी खिशात ठेवला.

तास संपल्यावर पोरं बाहेर पळाली. राजनंदिनी मात्र टेबलाशी उभी होती. निकाल बदलता येतो का, असं तिनं विचारलं. मी तिला नियम सांगितला. पुन्हा अर्ज करता येतो, पण काही नवीन दाखवावं लागतं. नवीन नसेल तर निकाल तोच राहतो.

"नवीन म्हंजी काय लागंल, सर?" मुख्य अधिकारी असताना ती पुस्तकी बोलत होती, आता घरच्यासारखं बोलली.

"इथे कोणीतरी लागेल," मी म्हटलं.

तिनं ते वहीत उतरवून घेतलं आणि दप्तर उचलून गेली. तिला काही कळलं होतं का, ते मी विचारलं नाही. कळलं नसावं असं मला वाटतं. कळलं असतं तर ती वहीत लिहीत बसली नसती.

घरी आलो, कुलूप काढलं आणि पाच दिवसांत पहिल्यांदा माझ्या घराकडे राजनंदिनीच्या नजरेनं बघितलं. मला शरम वाटली. स्वयंपाकघरातली मोठी पातेली आणि परात मी संक्रांतीलाच शेजारच्या सखूबाईला देऊन टाकली होती, एकट्याला काय करायची म्हणून. दूध बंद केलं होतं. चुलतभावाला सांगून ठेवलं होतं की पुढच्या सालापासून वाटाही आणू नको, तूच बघ. सात-बारा, पेन्शनचे कागद, लंकाचा मृत्यूचा दाखला, समृद्धीची पाचवीची गुणपत्रिका, सगळं एका पिशवीत भरून दाराशी ठेवलं होतं. आणि बैठकीतल्या भिंतीवर लंकाच्या फोटोच्या जागी नुसता खिळा होता. फोटोही मी पिशवीत घातला होता, तिच्या दोन लुगड्यांत गुंडाळून. सहा महिन्यांसाठी जाणारा माणूस बायकोचा फोटो भिंतीवरून उतरवत नाही.

हे सगळं मीच केलं होतं, माझ्याच हातांनी, आणि तरी अर्जात लिहिलं होतं की मुदतीआधी मी परत येईन. मी परत येणार नव्हतो. एकदा तिच्या दारात पोचलो की आजारपण काढीन, मुदत वाढवून मागेन, बाळाला माझी सवय झाली म्हणेन, काहीही करीन पण इथे येऊन पुन्हा हे कुलूप काढणार नाही, असं मी मनात कधीच ठरवून टाकलं होतं. फक्त स्वतःला सांगितलं नव्हतं. ज्या साहेबाला मी वर्षभर शिव्या घातल्या त्यानं मला न बघता ओळखलं होतं. पोरांनी तर समोर बसवून ओळखलं. कायदा शिकवणारा मी, आणि खोटा अर्ज माझाच होता. त्या रात्री मी जेवलो नाही, आणि जेवलो नाही हे कोणाला कळलंही नाही.

समृद्धीचा फोन रविवारी सकाळी येतो, तिच्याकडे तेव्हा शनिवारची संध्याकाळ असते. मी अंगणात उन्हाला बसलो होतो. तिनं स्वतःची तब्येत सांगितली, डॉक्टरांनी काय म्हटलं ते सांगितलं, मग अर्ज पाठवला का ते विचारलं. मी म्हटलं, भरून तयार आहे. आणि मग तिला हसवायला म्हणून सांगितलं की नववीच्या पोरांनी माझा अर्ज नामंजूर केला.

ती हसली नाही. काय लिहिलं त्यांनी, असं तिनं विचारलं. निकालाचा कागद माझ्या खिशातच होता, मी वाचून दाखवला. शेवटचं वाक्यही वाचलं. मला वाटलं ती आता पोरांवर रागावेल, माझ्या आण्णांना कोणी नाही असं कसं म्हणतात म्हणेल. फोन तुटला की काय म्हणून मी कानापासून लांब धरून बघितला.

"आण्णा," ती म्हणाली, "तुम्ही परत जाल ना?"

मग ती भराभर बोलायला लागली. तिनं आमंत्रणाच्या पत्रात सही करून लिहून दिलं आहे की वडील सहा महिन्यांत परत जातील. त्या दोघांचे तिथे कायमचं राहायचे कागद अजून व्हायचे आहेत, त्यात मध्ये काही वेडंवाकडं व्हायला नको. घर दोन खोल्यांचं, सासूबाईही दिवाळीपर्यंत असणार आहेत, बाळ झाल्यावर पाय ठेवायला जागा उरणार नाही. तुम्ही या, आण्णा, यायलाच पाहिजे, मी नको म्हणत नाही, पण तुमच्या जावयांनी मला विचारलं आणि मला सांगता आलं नाही, म्हणून विचारते. बोलता बोलता तिला दम लागला. या दिवसांत तिला असा दम लागू नये.

मी अर्जात 'परत येईन' लिहिलं होतं. ती 'परत जाल' म्हणत होती. मराठी शिकवत नसलो तरी एवढा फरक मला कळतो. ती आता तिकडची झाली होती. तिच्या दारातून मी निघणार तो इकडे जाणारा माणूस म्हणून, आणि त्यात तिची काही चूक नव्हती. मुलगी सासरी दिली तेव्हाच मी हे बोललो होतो, मांडवात, सगळ्यांसमोर, आता हेच तुझं घर म्हणून. तेव्हा मला हे बोलणं शोभून दिसत होतं.

"जाईन," मी म्हणालो. "सहा महिनेसुद्धा नाही. बाळाचं बारसं झालं की निघेन. इथलं सगळं उघडं टाकून किती दिवस राहणार?"

"नक्की ना?"

"नक्की."

तिनं श्वास सोडला. इतक्या लांबून तो मला स्पष्ट ऐकू आला. मग तिचा आवाज मोकळा झाला. ती म्हणाली, येताना चिंच आणा, आणि खोडदच्या बाजारात हुरड्याची चटणी मिळते का बघा, इकडे कशालाच चव नाही. मी सगळं लिहून घेतलं. तिनं विचारलं, आण्णा, तुम्ही नीट जेवता ना. मी हो म्हणालो. तिला तेही खरं वाटलं.

फोन ठेवल्यावर मी आत जाऊन समृद्धीचा जुना लॅपटॉप उघडला आणि अर्ज पहिल्यापासून वाचला. मुदत संपण्याआधी मी माझ्या गावी परत येईन, या एका वाक्यापाशी शुक्रवारपासून माझा हात अडत होता, कारण ते खोटं होतं. आता ते खरं झालं होतं. मी अर्ज पाठवून दिला.